आधी फुकट, मग महिन्याचे पैसे



गटाची बैठक संपली, बचतीचे पैसे मोजून झाले, वहीवर सह्या झाल्या की गप्पा मालिकांवर येतात. पूर्वी प्रश्न एवढाच असायचा, "काल काय झालं गं?" आता निराळे प्रश्न निघतात. ती मालिका कुठल्या ॲपवर दिसते? त्याला पैसे पडतात का? नातवानं मोबाईलवर काहीतरी सुरू करून दिलंय, ते बंद कसं करायचं? एक ॲप घेतलं तर दुसऱ्यावरचं दिसत नाही, मग किती घ्यायची?

हे प्रश्न वाटतात तेवढे नवे नाहीत. टीव्ही आपल्या देशात आल्यापासून "काय बघायचं, कोणी ठरवायचं आणि पैसे कोणी भरायचे" हे तीन प्रश्न त्याच्याबरोबर आहेत. आज आपण हा पन्नास वर्षांचा प्रवास बघू. त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. प्रत्येक नवीन सोय आधी फुकट किंवा स्वस्तात येते, तिची सवय लागते आणि मग तिची किंमत सुरू होते. हे कळलं की आजची निवड करणं सोपं जातं.

गावात आला आणि गेला

भारतात टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत, प्रयोग म्हणून. मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला चित्र दिसू लागलं. म्हणजे टीव्ही आधी शहरांचा होता.

खेड्यांसाठी पहिला मोठा प्रयोग झाला १९७५ साली. त्याचं नाव 'साइट'. विक्रम साराभाईंची कल्पना अशी होती की उपग्रह वापरला तर टीव्ही शहरांना ओलांडून थेट खेड्यात नेता येईल. ते स्वतः १९७१ मध्ये गेले, पण इस्रोच्या लोकांनी ते काम पुढे नेलं. अमेरिकेचा एक उपग्रह एका वर्षासाठी मिळाला. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही संच बसवले गेले. आपल्या शेजारचे गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे त्यात होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची दहा फुटी छत्री उभारायची आणि शाळेत किंवा पंचायतीत संच ठेवायचा. सकाळी मुलांचे कार्यक्रम, संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंब नियोजन आणि थोडी करमणूक.

संच सगळ्या गावाचा, कार्यक्रम फुकट. पण काय दाखवायचं आणि किती वाजता, ते गावानं ठरवलेलं नव्हतं. आणि ३१ जुलै १९७६ ला वर्ष संपलं, तसा अमेरिकेनं उपग्रह परत घेतला. बऱ्याच गावांतले संच त्या दिवशी मुके झाले. काही भागांत जमिनीवरची केंद्रं उभारून कार्यक्रम चालू ठेवले, पण सगळीकडे ते जमलं नाही. ही पहिली शिकवण. जी गोष्ट दुसऱ्याच्या मर्जीवर चालते, ती एका दिवसात बंद होऊ शकते.

एकच वाहिनी, सगळा गाव

मग आला दूरदर्शनचा काळ. १९८२ मध्ये देशभर एकाच वेळी दिसणारे कार्यक्रम सुरू झाले आणि दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला. १९८४ च्या सुमारास छोटी प्रक्षेपण केंद्रं इतक्या वेगानं उभी राहिली की काही महिने जवळपास रोज एक केंद्र सुरू होत होतं. तालुक्याच्या गावात, मग मोठ्या खेड्यात घराघरावर अँटेना दिसू लागल्या. वारा आला की ती फिरायची आणि कोणीतरी पत्र्यावर चढून "आलं का? आता आलं का?" असं ओरडायचं.

तेव्हा निवड नव्हती. 'आमची माती, आमची माणसं' लागलं की शेतकरी ते बघणार. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा. १९८४ मध्ये 'हम लोग' आली. १९८७ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी अर्धी आळी जमायची. बायका पुढे, पुरुष दारात.

१९८५ मध्ये 'रजनी' नावाची मालिका आली. प्रिया तेंडुलकर त्यात एक साधी गृहिणी झाली होती. गॅसवाला असो की टॅक्सीवाला, कोणी फसवलं तर ही बाई गप्प बसायची नाही, जाऊन जाब विचारायची. ग्राहक म्हणून बाईला हक्क आहे, हे टीव्हीवरून इतक्या ठसठशीतपणे सांगणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या मालिकांपैकी ती एक. तिची आठवण आज का काढली, ते शेवटी सांगते.

दूरदर्शनला पैसे पडत नव्हते असं आपल्याला वाटतं. पण त्या काळी टीव्ही ठेवायला लायसन्स लागायचं आणि वर्षाची फी पोस्टात भरावी लागायची. १९८५ च्या सुमारास ती पद्धत बंद झाली. जाहिराती मात्र १९७६ पासूनच सुरू झाल्या होत्या. जाहिरातीचा खर्च कंपनी साबणाच्या वडीत आणि चहाच्या पुड्यात धरते. म्हणजे दूरदर्शनचे पैसेही आपण भरतच होतो. फक्त ते किराणा दुकानात भरत होतो, म्हणून दिसत नव्हते.

केबलवाला आला

१९९१ मध्ये परदेशी उपग्रह वाहिन्या आपल्याकडे दिसू लागल्या. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला. गल्लीतला एखादा धडपड्या मुलगा मोठी छत्री बसवायचा, खांबावरून, झाडावरून, पत्र्यावरून वायर ओढायचा आणि घरोघरी जोडणी द्यायचा. हाच आपला केबलवाला. सुरुवातीला त्याला ना परवाना होता ना नियम. केबलचा कायदा १९९५ मध्ये झाला.

सुरुवातीला बऱ्याच वाहिन्या फुकट दिसायच्या. केबलवाल्याला जोडणीचे थोडे पैसे दिले की झालं. सवय लागली आणि मग एकेक वाहिनी पैसे मागू लागली. केबलवाल्याचे महिन्याचे पैसे वाढत गेले. ते कशाचे वाढले, हे ना तो नीट सांगायचा, ना आपण विचारायचो.

आपल्या भाषेसाठी मात्र हा काळ चांगला ठरला. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, तीच पुढे झी मराठी झाली. २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली, ती आता कलर्स मराठी आहे. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला सह्याद्री हे नाव मिळालं तेही २००० मध्येच. २००८ मध्ये स्टार प्रवाह आली आणि २०१८ मध्ये सोनी मराठी. 'आभाळमाया'पासून संध्याकाळची मालिका घरातल्या बाईची झाली.

पण खेड्यात एक अडचण होती. संध्याकाळी भारनियमन. मालिकेची वेळ झाली की वीज गेलेली. भाकरी थापताना कान टीव्हीकडे, तेवढ्यात अंधार. मग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात ते बघायचं, तेव्हा आपण रानात. वाहिन्या वाढल्या, पण वेळ आपल्या हातात नव्हती.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नाही. कोणता कार्यक्रम किती लोक बघतात याची मोजणी होते. काही निवडक घरांत यंत्र बसवतात, त्यावरून जाहिरातीचा दर ठरतो. कित्येक वर्षं ही मोजणी मुख्यतः शहरांची होती. देशभरातल्या खेड्यांचा आकडा नियमित धरायला सुरुवात झाली ती ऑक्टोबर २०१५ पासून. त्याआधी आपण बघत होतो, पण मोजले जात नव्हतो. ज्याची मोजणी नाही, त्याच्या आवडीनिवडीचा विचार कोण करणार?

डबा, छत्री आणि १९ रुपये

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननं घरगुती छत्रीची सेवा सुरू केली. तेव्हा तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. हीच आजची 'डीडी फ्री डिश'. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा, नंतर महिन्याला काही नाही. बाकीच्या कंपन्यांच्या छत्र्यांना रिचार्ज लागतो. पुढे केबललाही सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला. मुंबईत तो २०१२ मध्ये आणि खेड्यांत २०१७ पर्यंत आला.

फ्री डिशवरही आपण अनुभव घेतलाच. झी अनमोल, सोनी पल, स्टार उत्सव अशा वाहिन्या तिथे फुकट दिसायच्या. खेड्यांची मोजणी सुरू झाली तेव्हा या वाहिन्या देशात वरच्या क्रमांकावर आल्या. मार्च २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी त्या काढून घेतल्या, २०२० मध्ये परत आणल्या, २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. बघणाऱ्या बाईला कोणी विचारलं नाही.

२०१९ मध्ये ट्राय या सरकारी संस्थेनं नवा नियम आणला. आपल्याला हव्या त्याच वाहिन्या निवडायच्या आणि त्यांचेच पैसे भरायचे. १०० वाहिन्यांच्या जोडणीचे जास्तीत जास्त १३० रुपये आणि वर कर. पैशाची वाहिनी गठ्ठ्यात घालायची असेल तर तिची सुटी किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त नको. कागदावर नियम चांगला होता. प्रत्यक्षात निवडीची यादी लांबलचक आणि बरीचशी इंग्रजी नावांची. म्हणून बहुतेक घरांत केबलवाल्यानं दिलेला गठ्ठाच आला. कित्येकींचं बिल कमी होण्याऐवजी वाढलं. निवडीचा हक्क मिळाला तरी यादी वाचायला वेळ आणि मदत मिळाली नाही, तर निवड दुसराच कोणीतरी करतो.

मोबाईलमधला टीव्ही

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. मार्च २०१७ पर्यंत इंटरनेट फुकट होतं. मग पैसे सुरू झाले, तरी पूर्वीच्या मानानं ते स्वस्तच होतं. देशात इंटरनेट खेड्यापाड्यात पोचलं ते यामुळे. जुलै २०२४ मध्ये मात्र तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले. तोवर मोबाईलशिवाय घर चालेनासं झालं होतं.

इंटरनेटवरून दिसणाऱ्या टीव्हीला ओटीटी म्हणतात. हॉटस्टार २०१५ मध्ये आलं. नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन प्राइम २०१६ मध्ये आणि झी-फाइव्ह २०१८ मध्ये. २०२० च्या टाळेबंदीत थिएटरं बंद झाली आणि नवे सिनेमे थेट मोबाईलवर येऊ लागले. त्याच वेळी दूरदर्शननं जुनं 'रामायण' पुन्हा लावलं, तेव्हा घरात तीन पिढ्या एका टीव्हीपुढे बसल्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

क्रिकेटचं उदाहरण बघा. २०२३ मध्ये आयपीएल जिओसिनेमावर सगळ्यांना फुकट दाखवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं आणि पूर्ण सामने बघायला पैसे किंवा ठरावीक रिचार्ज लागू लागला. आधी फुकट, मग सवय, मग पैसे. केबलच्या वेळी जे घडलं तेच इथे थोड्या वर्षांत घडलं.

ओटीटीनं आपल्याला एक खरी गोष्ट दिली, ती म्हणजे वेळ. वीज गेली, पाहुणे आले, कांद्याची लावण चालू आहे, तरी मालिका चुकत नाही. रात्री साडेदहाला, सगळं आवरल्यावर, आपण बघू शकतो. १९७५ पासून बाईला जे मिळालं नव्हतं ते हे. पण पैशाचा दोर आपल्या हातून सुटला. केबलचे पैसे देताना केबलवाला दारात यायचा, नोट आपल्या हातातून जायची. ॲपचे पैसे मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या मोबाईलमधून आपोआप कापले जातात. किती गेले, कधी गेले, आपल्याला कळतही नाही. केबलच्या दराला ट्रायचे नियम तरी आहेत. ॲपच्या किमतीला अशी सरकारी मर्यादा नाही.

मग निवडायचं कसं?

आता कामाचं बोलू. किमती वरचेवर बदलतात, म्हणून आकड्यांपेक्षा पद्धत लक्षात ठेवा.

पहिलं, आधी मालिका ठरवा, मग ॲप. आजच्या घडीला झी मराठीच्या मालिका झी-फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिववर दिसतात. घरात कोण काय बघतं ते एका कागदावर लिहा. बहुतेक घरांत लक्षात येतं की एक ॲप पुरतं.

दुसरं, फुकट काय आहे ते आधी बघा. फ्री डिश आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीनं 'वेव्हज' नावाचं ॲप सुरू केलं, त्यावर दूरदर्शनचं बरंच काही आहे. यूट्यूबवर जुनी नाटकं, कीर्तनं, पाककृती, शेतीची माहिती भरपूर आहे. आणि तुमच्या रिचार्जमध्येच एखादं ॲप येतं का, हे दुकानदाराला विचारा. एकाच ॲपचे दोनदा पैसे भरू नका.

तिसरं, नेटचा हिशेब करा. मध्यम दर्जाचं चित्र असेल तर एका तासाला साधारण १ जीबी नेट जातं. रोज दीड जीबीचं रिचार्ज असेल तर दीड तासात ते संपतं, आणि त्यात मुलीचा अभ्यासही असतो. ॲपच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा कमी केला तर नेट बरंच वाचतं.

चौथं, एका वेळी एकच ॲप आणि तेही एका महिन्याचं घ्या. वर्षाचं स्वस्त दिसतं, पण सुगीच्या दोन-तीन महिन्यांत आपण टीव्हीकडे फिरकतही नाही. या महिन्यात एक, ते संपलं की दुसरं, असं पाळीपाळीनं घेता येतं. घेण्याआधी विचारा की हे फक्त मोबाईलवर दिसेल की टीव्हीवरही, जाहिराती असतील का, आणि एका वेळी किती जण बघू शकतील.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑटोपे. पैसे भरताना दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याची परवानगी घेतली जाते. "एक रुपयात सुरू करा" असं लिहिलेलं असतं तिथे हमखास हे असतं. मोबाईलमधून ॲप काढून टाकलं तरी पैसे कापणं थांबत नाही. ते ऑटोपेच्या यादीत जाऊन वेगळं बंद करावं लागतं. फोनपे, गूगल पे यांत ही यादी असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तसा संदेश यायला हवा आणि परवानगी रद्द करण्याची सोय हवी. हा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. तो संदेश ज्याच्या मोबाईलवर येतो, त्याला सांगून ठेवा की मला दाखव. आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे तर आपल्याला पाठच आहे.

सहावं, घरात लहान मुलं असतील तर ॲपला कुलूप लावून घ्या. २०२१ च्या सरकारी नियमांनुसार प्रत्येक कार्यक्रमावर वयाची खूण हवी आणि मोठ्यांच्या कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय हवी. कार्यक्रमाबद्दल तक्रार असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं १५ दिवसांत ती निकाली काढायला हवी. पैशाच्या बाबतीत फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

इथे रजनीची आठवण ठेवायची. १९८५ मध्ये ती गॅसच्या दुकानात जाऊन जाब विचारत होती. आज दुकान डोळ्यांना दिसत नाही, पण जाब विचारायची जागा आहे.

निवड म्हणजे काय?

१९७५ मध्ये एक संच आणि एक कार्यक्रम होता. आज एका मोबाईलमध्ये डझनभर ॲप मावतात. पण नुसती यादी लांबली म्हणून निवड वाढली असं होत नाही. आपल्याला हवं ते, हव्या वेळी बघता यावं, त्याचे किती पैसे जातात ते ठाऊक असावं, आणि नको झालं की स्वतःच्या हातानं बंद करता यावं. या तीनही गोष्टी असतील तर ती निवड. तिसरी नसेल तर पहिल्या दोन फार दिवस टिकत नाहीत.

म्हणून एक काम सांगते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातल्या टीव्हीचा आणि मोबाईलचा महिन्याचा खर्च लिहून आणा. केबल किंवा छत्रीचा रिचार्ज, सगळ्या मोबाईलचे रिचार्ज आणि ॲपचे कापले जाणारे पैसे. मग वर्षाचा आकडा काढा आणि तो आपल्या वर्षाच्या बचतीशेजारी ठेवून बघा. करमणूक सोडा असं मी म्हणत नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला रात्रीची अर्ध्या तासाची मालिका हक्काची आहे. फक्त ती कितीला पडते, हे तिला माहीत हवं. आणि गटातल्या ज्या मुलीला मोबाईल नीट कळतो, तिच्याकडून सगळ्यांनी ऑटोपेची यादी उघडायला शिकून घ्या. एका बैठकीचं काम आहे.

काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा.